झिंग्याची चेतासंस्था, नमुना 4: अन्ननलिकेभोवतीचं कडं अखंड निघालं

विच्छेदनाच्या पहिल्या तीन नमुन्यांत पोटातली (शेपटीकडच्या भागातली) चेतांची दोरी, म्हणजे चेतारज्जू, नीट सुटली, पण तिला मेंदूशी जोडणारं अन्ननलिकेभोवतीचं कडं दर वेळी तुटलं. चौथ्यात शाबूत आलं. फरक बर्फाचा आणि क्रमाचा.

झिंगा मेला की पाचकग्रंथीतले एन्झाइम डोकं आतून गाळायला लागतात. खानदेशच्या मे महिन्यात तर दुपारपर्यंत मेंदूचा लगदा होतो. म्हणून तापी-गिरणाकाठचे जिवंत झिंगेच घ्या, शक्यतो 12 सेंटिमीटरच्या पुढचे. बर्फाच्या पाण्यात 20 मिनिटं ठेवले की निपचित पडतात. मग डोक्याच्या कवचाला बारीक चीर देऊन एक दिवस 70 टक्के अल्कोहोलमध्ये. ताजी चेता जवळपास पारदर्शक असते. अल्कोहोलमध्ये ती पांढरी आणि घट्ट होते.

मेणाच्या ट्रेमध्ये पाठ वर, टाचण्या तिरप्या, नमुना पाण्यात बुडालेला. सुरुवात पोटाकडून. पाठीवरचा काळा दोरा, जो साफ करताना आपण काढून टाकतो, तो चेतारज्जू नव्हे, आतडं आहे. चेतारज्जू जाड स्नायूंच्या खाली, पाठीच्या उलट बाजूला, अगदी मधोमध असतो. स्नायू उपटू नका, तुकड्या-तुकड्यानं काढा. पोटात 6 गुच्छिका (चेतापेशींच्या गाठी) मोजता येतात. सहावी सर्वांत मोठी, तिच्यातून शेपटीच्या पंख्याकडे चांदणीसारख्या चेता फुटतात.

तिथून दोरी धरून पुढे सरका. छातीत गुच्छिकांच्या 11 जोड्या एकवटून लांबट पिंड झालेला असतो. त्यात मधोमध भोक दिसलं तर फाटलं असं समजू नका. त्यातून हृदयाकडून येणारी धमनी खाली उतरते. ती ओढली की पिंड चिरतो, म्हणून पिंडाच्या वरच कापा.

आता कडं. जठर ओढून काढलं की अन्ननलिकेबरोबर दोन्ही बाजूंचे धागे जातात. आधीच्या तिन्ही नमुन्यांत हेच झालं. या वेळी अन्ननलिका जठराच्या लगेच खाली कापली, खालचा बुंधा तसाच ठेवला. बुंध्याच्या दोन्ही अंगांनी दोन धागे वर मेंदूकडे जाताना स्वच्छ दिसले, आणि मागच्या बाजूला त्यांना जोडणारा केसाएवढा आडवा धागाही. खाली काळ्या कागदाची पट्टी सरकवली की तो उठून दिसतो. मेंदू डोळ्यांच्या देठांमध्ये, दोन पाळ्यांचा.

राहिलं ते लहान मिशीच्या बुडातल्या तोल सांभाळणाऱ्या पिशवीकडे जाणाऱ्या चेतेचं काम. पाचव्या नमुन्यात त्या मिशीचं बूड वरून उघडायचं, मेंदूला हात लावण्याआधी.