पाकिटावर चार रंग लिहिले होते

मी बिया मोजते. गेली १९ वर्षं एका बीजपेढीत हेच माझं काम आहे. शीतगृहातून पाकीट काढायचं, फोडण्याआधी ते रात्रभर खोलीच्या हवेत राहू द्यायचं (घाई केली तर गार बियांवर दव धरतं), मोजून बिया काढायच्या, ओल्या कागदावर ओळीनं मांडायच्या आणि कागदाची गुंडाळी करून ऊबदार कपाटात उभी ठेवायची. मग वाट बघायची. घेवड्याची पहिली मोजणी पाचव्या दिवशी, दुसरी नवव्या. धडधाकट रोपं किती, वाकडीतिकडी किती, नुसती फुगून कुजलेली किती. मेलेलं बी चिमट्यानं दाबलं की मऊ लागतं. इतक्या वर्षांनीही त्या स्पर्शाची सवय झालेली नाही.

गेल्या वर्षी घेवड्याचं एक पाकीट चाचणीला काढलं. सोबतचं जुनं कार्ड कुणीतरी फार आस्थेनं लिहिलेलं होतं. घरचं बियाणं, मक्याच्या ताटांवर चढवतात, रंग चार: पांढरा, काळा, तांबडा, ठिपक्यांचा. पाकिटात जेमतेम २०० बिया होत्या. उगवण चाचणीत बिया खर्च होतात, म्हणून इतक्या लहान नमुन्याची चाचणी लांबवली जाते. या पाकिटाची चाचणी लांबवण्याच्या कागदावर माझीच सही आहे. ५० बिया लावल्या. नवव्या दिवशी २ उगवल्या होत्या. मग धीर करून उरलेल्या सगळ्या लावल्या, त्यांतली एकही आली नाही. पाकिटाची एक कड नीट चिकटलेली नव्हती. केसाएवढ्या फटीतून वर्षानुवर्षं ओलावा आत जात राहिला होता.

जैवविविधतेचा विषय निघाला की लोक मला दिलासा देतात, "तुमच्यासारख्या पेढ्या आहेत ना, मग काय काळजी?" त्या दोन रोपांना कुंडीत लावल्यापासून या प्रश्नाचं उत्तर माझ्या डोक्यात घोळतं आहे. ते इथं सविस्तर लिहिते.

जैवविविधता म्हटलं की डोळ्यांपुढे वाघ येतो, देवमासा येतो, घनदाट जंगल येतं. ते सगळं खरंच आहे. पण माझ्यासाठी ती एका ओंजळीतल्या चार रंगांत असते. रंग ही नुसती वरची खूण. आत कुठलं बी पाऊस लांबला तरी तग धरतं, कुठलं ओल जास्त झाली तरी कुजत नाही, कुठलं आठवडाभर आधी फुलतं. चारही एकत्र पेरणाऱ्याला यंदाचं वर्ष कसं जाणार हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक नाही हे त्याला नीट ठाऊक असतं. म्हणून तो चारही पेरतो.

एकच पेरल्यावर काय होतं, याचं सगळ्यांत भीषण उदाहरण आयर्लंडचं. बटाटा आपण बियांपासून नाही, बटाट्याच्याच फोडींपासून लावतो. म्हणजे एका वाणाचं प्रत्येक झाड दुसऱ्याची हुबेहूब नक्कल. तिथल्या गरिबांचं पोट मुख्यतः 'लंपर' नावाच्या एकाच वाणावर चालत होतं. १८४५ साली करपा आला आणि शेतंच्या शेतं काळी पडली. काही झाडं गेली आणि काही वाचली, असं होण्याची सोयच उरली नव्हती. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं मेली, साधारण तितकीच देश सोडून गेली. जमीनदारी, दारिद्र्य आणि राज्यकर्त्यांची धोरणं यांचा त्यात मोठा वाटा होता, नुसत्या रोगाला दोष देणं अन्यायाचं होईल. पण त्या रोगाला अडवणारं शेतात काहीच नव्हतं, हेही तितकंच खरं.

आणि आज? अन्नासाठी माणूस सुमारे ६,००० वनस्पती लावतो, पण जगातल्या एकूण पीक उत्पादनाचा दोन तृतीयांश भाग अवघ्या ९ पिकांतून येतो. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या शीतगृहाच्या रांगा डोळ्यांपुढे आल्या. इतकं जपलेलं, आणि त्यातलं ताटात येतं इतकं थोडं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे काम सोडत नाही ती सांगते. १९७०च्या दशकात आशियातल्या भातशेतीवर एक विषाणू आला. रोप खुरटतं, गवतासारखं झुबकेदार होतं, लोंबी धरत नाही. तपकिरी तुडतुडा हा इवलासा कीटक रस शोषता शोषता तो एका रोपातून दुसऱ्यात नेतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं आपल्या संग्रहातले ६,००० हून जास्त नमुने तपासले. हजारो वाणांत प्रतिकार सापडेना. सापडला तो उत्तर प्रदेशातून आणलेल्या एका रानभातात, 'ओरायझा निवारा'त. नाव ओळखीचं वाटलं ना? संस्कृतातला नीवार तो हाच, न पेरता उगवणारं, ऋषिमुनींच्या आश्रमाशी जोडलेलं धान्य. शेतकऱ्याला तो डोकेदुखी वाटतो, कारण त्याचे दाणे पिकताच झडून जातात आणि पुढच्या वर्षी नको तिथे उगवतात.

आणि त्या एका नमुन्यातलीसुद्धा सगळी रोपं टिकली नाहीत, मोजकीच टिकली. एकाच ठिकाणच्या, दिसायला सारख्या गवतात काहींकडे ती शक्ती होती आणि काहींकडे नव्हती. गोळा करणाऱ्यानं बी जरा कमी घेतलं असतं, किंवा मधल्या काळात ती पाणथळ जागा बुजवली गेली असती, तर? त्या रोपांतला गुण संकरातून भातात आणला गेला. १९७६ साली आलेलं 'आयआर-३६' हे वाण त्यातूनच घडलं आणि पुढे आशियात लाखो हेक्टरांवर पिकलं.

गोष्ट इथे संपली असती तर मीही म्हटलं असतं, पेढ्या आहेत, काळजी नको. पण तुडतुडा कुठे थांबला होता? त्याला दाद न देणारं एक वाण १९७३ मध्ये आलं आणि दोन-तीन वर्षांतच त्यावर पोसणारे तुडतुडे तयार झाले. मग शेतकऱ्यांनी फवारणी वाढवली, आणि तुडतुडे आणखी वाढले. कारण समजायला काही वर्षं गेली. तुडतुड्याची अंडी रोपाच्या आत असतात, औषध तिथवर पोचत नाही. मरतात ते बाहेर फिरणारे कोळी आणि अंडी खाणारे ढेकणाच्या कुळातले बारीक कीटक. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं. १९८६ साली इंडोनेशिया सरकारनं भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पुढे औषधांवरचं अनुदानही बंद केलं. त्यानंतर भाताचं उत्पादन घटलं नाही.

तिथल्या शेतांत नंतर झालेल्या अभ्यासातली एक गोष्ट मला विलक्षण आवडते. रोपं लहान असताना शेतात तुडतुडे फारसे नसतात, मग कोळी जगतात कशावर? चिखलातल्या कुजक्या पालापाचोळ्यावर वाढणाऱ्या चिलटांवर. ज्यांचं भाताशी काही देणंघेणं नाही, ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, ती चिलटं कोळ्यांना पोसतात. मग तुडतुडे येतात तेव्हा राखणदार आधीच हजर असतात. जैवविविधता का हवी, असं मला कुणी एका वाक्यात विचारलं तर मी ती चिलटं दाखवीन. चिखल, चिलट, कोळी, तुडतुडा, भात आणि मग आपण. यातलं काहीच मला पाकिटात घालून गोठवता येत नाही.

पेढीची कुवत मला आतून ठाऊक आहे आणि तिच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. बियाण्यातला ओलावा एका टक्क्यानं कमी केला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. नीट सुकवून उणे १८ अंशांवर ठेवलेलं बी अनेक दशकं टिकतं. काही बियांचा चिवटपणा तर थक्क करतो. १८७९ साली वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बिया भरलेल्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या होत्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरतात. २०२१ साली काढलेल्या बाटलीतल्या काही बिया उगवल्या, १४२ वर्षांनंतर.

या बियांसाठी माणसांनी प्राणही दिले आहेत. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी जगभर हिंडून बियाणं गोळा केलं आणि लेनिनग्राडमध्ये त्याचा संग्रह उभारला. १९४० साली त्यांना अटक झाली आणि १९४३च्या जानेवारीत तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. त्याच काळात, दुसऱ्या महायुद्धात, लेनिनग्राडला जर्मन फौजेचा वेढा पडला होता. त्यांचे सहकारी पोत्यांच्या, पाकिटांच्या गराड्यात उंदरांपासून बी राखत बसले. त्यांतले काही उपासमारीनं मेले, पण संग्रहाला त्यांनी हात लावला नाही. भाताचे नमुने सांभाळणारा माणूस तांदळाच्या हजारो पाकिटांमध्ये भुकेनं मेला. मी दर वेळी चाचणीसाठी बिया मोजते तेव्हा एक बी खाली पडलं तर वाकून शोधते, ते या माणसांमुळे.

अलीकडचं उदाहरण नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या बियांच्या तिजोरीचं. २००८ साली ती सुरू झाली. सीरियातल्या युद्धात अलेप्पोजवळच्या बीजपेढीचं काम अशक्य झालं, तेव्हा २०१५ साली तिला या तिजोरीत ठेवलेलं आपलं बियाणं परत मागवावं लागलं. ते लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवलं, आणि २०१७ साली नवं बी पुन्हा तिजोरीत ठेवलं गेलं. पेरलं म्हणून वाढलं, हे मला इथे अधोरेखित करायचं आहे.

कारण गोठवलेल्या बियांसाठी काळ थांबतो, बाहेर तो थांबत नाही. रोग बदलतात, पाऊस बदलतो, तुडतुडे बदलतात. शेतात दर वर्षी पेरलं जाणारं बी त्यांच्यासोबत बदलत राहतं, माझ्या पाकिटातलं ३० वर्षांपूर्वीच्या हवामानाशीच जुळलेलं राहतं. शिवाय कित्येक बिया या पद्धतीनं ठेवताच येत नाहीत. आंबा, फणस, कोको यांचं बी सुकवलं की मरतं. ती झाडं कुणाच्या तरी जमिनीवर जिवंत उभी असावी लागतात. आपण खातो त्या केळीला तर बीच नाही. बेल्जियममध्ये तिचे दीड हजारांहून जास्त नमुने काचेच्या नळ्यांत रोपांच्या रूपात जगवले जातात.

मग करायचं काय? पिकांचे रानातले नातेवाईक रानातच राहू देणं, हे मला सगळ्यांत आधी सुचतं. मेक्सिकोत १९७०च्या दशकाच्या शेवटी मक्याचं एक रानटी, बहुवर्षायू भावंड सापडलं, मक्याच्या अनेक विषाणूंना दाद न देणारं. एका गवतासाठी म्हणून १९८७ साली तिथली सिएरा दे मानान्तलान ही डोंगररांग राखीव झाली. गवतासोबत तिथलं जंगल, पक्षी, प्राणी, सगळ्यांनाच आसरा मिळाला. २०२२च्या डिसेंबरमध्ये मॉन्ट्रियलला जगातल्या देशांनी २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखण्याचं ठरवलं, ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं. मात्र नकाशा रंगवताना पाणथळीचे काठ, ओढ्याकडेची गवतं, बांधांवरची झुडपं त्यात यायला हवीत. नीवार तिथेच असतो.

ज्याच्याकडे जमीन आहे त्याला मी एवढंच म्हणेन: बांध तासू नका आणि त्यावर तणनाशक मारू नका. फवारण्याआधी शेतात वाकून कोळी मोजा. जुन्या वाणाची एक ओळ तरी दर वर्षी लावा, आणि बी एकट्या स्वतःजवळ न ठेवता दोन-तीन घरांत वाटा. तेच सगळ्यांत खात्रीचं शीतगृह. ज्याच्याकडे जमीन नाही तो खाण्यातून करू शकतो. वेगळं धान्य, वेगळी डाळ, वेड्यावाकड्या आकाराचं फळ मागणारं कुणी असेल तरच ते पिकवणारा टिकतो. आणि घरात कुणी म्हातारं माणूस बियाण्याबद्दल बोलत असेल तर ते लिहून ठेवा. कधी पेरतात, कशासोबत, कोणत्या महिन्यात शेंग काढतात. माझ्या कितीतरी पाकिटांवर नुसता क्रमांक आहे. आत काय आहे ते मी सांगू शकते, पण ते कसं जगायचं ते सांगणारं कुणी नाही.

घेवड्याच्या त्या पाकिटावरच्या पत्त्यावर मी चौकशी केली होती. तिथे आता घेवडा लावत नाहीत.

दोन्ही रोपं मात्र जोमानं वाढली. मक्याची ताटं नव्हती, म्हणून मी त्यांना दोरीवर चढवलं. फुलं आली, शेंगा धरल्या, वाळल्या. गेल्या आठवड्यात त्या सोलल्या. २३६ बिया भरल्या, पाकिटात मुळात होत्या त्याहून जास्त. टेबलावर पांढरा कागद पसरून मी त्या पुन्हा पुन्हा चाळल्या. सुकवून, नव्या पाकिटात भरून, कड दोनदा तपासून बंद केलं आणि नवं कार्ड लिहायला घेतलं. रंग: पांढरा.