दसऱ्यालाच मफलर का?

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास, साताऱ्यातील लोक अजून कासच्या फुलांविषयीच बोलत असतात तेव्हा, माझ्या गळ्यात मफलर दिसू लागतो आणि शिक्षक-खोलीत कोणी ना कोणी विचारते, "सर, थंडी कुठे आहे अजून?" यंदा आपणही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सहा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात माझी मान प्रथम अशी आखडली, की मागून हाक आली तर सगळे अंगच वळवावे लागे. कानामागून खांद्यापर्यंतचा स्नायू दोरखंडासारखा ताठ व्हायचा आणि दाबला की कळ थेट डोक्यात जायची. उशी बदलली, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी घेऊन शेकले, निर्गुडीचा पाला बांधला. एका केशकर्तनालयात मान "मोकळी" करून घेण्याचा मूर्खपणाही केला. त्या झटक्याने दुखणे दुप्पट झाले. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने इजा होऊ शकते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले तेव्हा मला खरोखर घाम फुटला.

डॉक्टरांनी थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घेतले, कारण दोन्हींच्या कमतरतेमुळे स्नायू दुखू शकतात. थायरॉइड ठीक होते. ड जीवनसत्त्व कमी निघाले, त्याच्या गोळ्या घेतल्या, थोडा उतार पडला. मात्र खरा धागा हाती आला तो वेगळ्याच ठिकाणी. कॅलेंडरवर दुखण्याच्या दिवसांवर खुणा करीत गेलो, तर बहुतेक खुणा शनिवारी आणि रविवारी पडलेल्या होत्या. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. इतर दिवशी ऊन वर आल्यावर निघणारा मी त्या दिवशी उजाडण्यापूर्वीच दुचाकीवरून मेढ्याच्या रस्त्याला लागतो. रात्रभर डोंगरउतारावरून खाली सरकलेली गार, जड हवा त्या वेळी वेण्णेच्या खोऱ्यात साचलेली असते. शहरात पारा 12 अंशांवर असला तरी नदीकाठच्या वळणावर बोटे बधिर होतात.

थंडी लागली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि उष्णता टिकवण्यासाठी स्नायू ताणले जातात; हुडहुडी भरते ती त्यानंतर. म्हणजे दात वाजत नसले तरी शरीराने आवळून धरण्यास सुरुवात केलेली असते. त्यात मी वाऱ्यापासून कान वाचवण्यासाठी खांदे उचलून, हँडल घट्ट धरून पाऊण तास बसत असे. दुखणे थंडीचे म्हणावे तेवढेच त्या उचललेल्या खांद्यांचेही होते. हे कळल्यावर मी शेकण्याची वेळ बदलली: आता आखडल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे गरम पाण्याची पिशवी मानेवर ठेवतो आणि मग चार-पाच सूर्यनमस्कार घालतो. (मलम चोळून त्यावर शेक घेऊ नये, कातडी भाजते. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी तर फारच जपावे.)

कपड्यांची युक्ती मात्र मला रस्त्यावर भेटणाऱ्या एका दूधवाल्याने शिकवली. एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ कपडे घालावेत आणि त्यांच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी. वारा आत शिरत नाही आणि कपड्यांमधील ऊबदार हवा तिथेच राहते. मफलर दसऱ्याला निघतो तो याच कारणाने, की मान एकदा आखडली म्हणजे पुढचा आठवडा तिच्या ताब्यात जातो, आणि पहिली गार पहाट काही पूर्वसूचना देऊन येत नाही.

सर्वांत उपयोगी ठरलेली सवय मात्र फुकटची आहे. प्रत्येक गतिरोधकावर मी श्वास सोडतो आणि खांदे खाली टाकतो. जिथे गतिरोधक अनेक आहेत, तिथे एरवी चिडणारा मी आता मनातून आभार मानतो. घरी उत्तरपत्रिका तपासताना खांदे कानांना भिडलेले दिसले की पत्नी स्वयंपाकघरातून म्हणते, "अहो, गतिरोधक!"

हे माझ्या दुखण्यापुरते झाले. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल होत असेल, किंवा छातीत दडपण येऊन कळ डाव्या हातात व जबड्यात जात असेल, तर ते थंडीवर ढकलू नये, लगेच दवाखाना गाठावा.

इतके करूनही गेल्या जानेवारीत दोनदा मान धरलीच. अशा दिवशी दुचाकी घरी ठेवून मी एसटीने जातो, आणि खिडकीकडेची जागा कोणी आग्रहाने देऊ केली, तरी घेत नाही.