तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरा गाल आणि एक फोन

"तुम्ही लोक खरंच दुसरा गाल पुढे करता का?"

मी ख्रिस्ती, त्यामुळे वर्षातून चार-पाचदा तरी कोणी ना कोणी मला हे विचारतं. बहुतेक जण मनापासून विचारतात, एखादा चिमटा काढायला. गप्पा थोड्या पुढे सरकल्या की पोटातला प्रश्न बाहेर येतो. येशूने सांगितलेलं ऐकायला छानच आहे, पण घरात, ऑफिसात, नातेवाइकांत वावरताना ते जमतं का?

माझं मेलीचं फारसं जमत नाही, हे आधीच सांगून टाकते. मात्र माझं घोडं जिथे अडतं ती जागा गालाची नव्हे.

गालाचा विषय त्या मानाने लवकर मिटतो. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातले, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्रातले, ५ ते ७ हे तीन अध्याय म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन, आणि 'एका गालावर कोणी मारलं तर दुसराही पुढे कर' हे वाक्य त्यातलं. तिथे नुसता गाल म्हटलेलं नाही, 'उजवा गाल' म्हटलंय. समोरच्याने उजव्या हाताने मारलं तर तुमच्या उजव्या गालावर त्याच्या पंजाची मागची बाजू बसते. यहुद्यांच्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहात साध्या थपडेला २०० झूझ (चांदीची नाणी) दंड आहे आणि उलट्या हाताने मारलेल्या थपडेला ४००. उलटा हात लागतो कमी, पण पाणउतारा दुप्पट करतो. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की दुसरा गाल पुढे करणारा मार मागत नसतो, 'तुझ्या हाताने मी लहान झालो नाही' असं सांगत असतो. मला हे पटतं. स्वतः येशूला महायाजकासमोर एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा तो खाली मान घालून उभा राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असं त्याने तोंडावर विचारलं. योहानाच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात आहे हे. घरात मार खाणाऱ्या बाईला जे लोक 'दुसरा गाल'वालं वचन ऐकवतात ना, त्यांनी हा अध्याय कधी उघडलेलाच नसतो. त्यांचा मला मनस्वी राग येतो, आणि तो राग मी अजून सोडलेला नाही.

माझी खरी अडचण त्याच प्रवचनात जरा वर आहे. तू वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं तुला आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. मी हे लहानपणापासून ऐकत आलेय आणि कित्येक वर्षं चुकीचं ऐकत आले. मला वाटायचं, माझ्या मनात कोणाबद्दल राग असेल तर तो सोडायचा. तो सोडता येतो हो. मनातल्या मनात, डोळे मिटून, कोणाला न कळता. पण वचन उलटं आहे. *त्याच्या* मनात *माझ्याविषयी* काही आहे. दुखवणारी मी, उठून जायचं मी.

आणि जायचं किती? ऐकणारे लोक गालील प्रांतातले. वेदी एकच, यरुशलेमच्या मंदिरात. मधलं अंतर १०० किलोमीटरच्या वर, म्हणजे चालत तीन-चार दिवस. तो माणूस एवढं चालून, अर्पण घेऊन वेदीपर्यंत पोचलाय, आणि तिथे त्याला भाऊ आठवतो. आता अर्पण तिथेच ठेवायचं, चालत घरी जायचं, भावाशी बोलायचं, पुन्हा चालत यायचं. ऐकणारे हसले असतील असं मला नेहमी वाटतं.

मला जायचं होतं एका फोनपर्यंत.

झालं होतं असं की ऑफिसात एका अहवालातले आकडे माझ्या हाताखालच्या मुलीने तपासले होते. दोन रात्री बसून तिने एक मोठी चूक पकडली. बैठकीत साहेब मला म्हणाले, "बरं झालं तुमच्या लक्षात आलं." मी हसले. एवढंच. खोटं एक अक्षर बोलले नाही. ती माझ्या उजव्या हाताला बसली होती. तिने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि वही मिटली. त्या दिवसापर्यंत ती मला ताई म्हणायची. दुसऱ्या दिवसापासून मॅडम.

तीन आठवडे मी स्वतःची समजूत घातली. साहेबांचा गैरसमज, त्यात माझा काय दोष? तिनेही मोठं मन करायला हवं. (दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ आपण सगळेच येताजाता म्हणतो. येशूच्या बोलण्यातही नेमकं तेच आहे. मराठी बायबलमध्ये शब्दही हेच, कुसळ आणि मुसळ.) मग एका रविवारी उपासनेत नेमका हाच उतारा वाचला गेला आणि पाठोपाठ अर्पणाची पिशवी फिरू लागली. उठून गेले का? नाही. पिशवीत पाकीट टाकलं आणि ती पुढे सरकवली. शेवटचं गीतही सगळ्यांबरोबर म्हटलं.

फोन केला संध्याकाळी. त्याआधी वाक्य जुळवत बसले होते. पहिलं जमलं ते असं: "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी हं." ते मोठ्याने म्हणून बघितलं आणि माझं मलाच कळलं की यात चूक तिच्या वाटण्याची ठरतेय. दुसऱ्या वाक्यात 'पण' होता. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं, हेही त्याच प्रवचनात आहे, आणि मला वाटतं माफी मागताना त्याची सगळ्यात जास्त गरज पडते. शेवटी म्हटलं, "ते काम तुझं होतं. मी गप्प बसले. चुकलं माझं."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "ठीक आहे, मॅडम."

इथे गोष्ट संपली असती तर मला फार बरं वाटलं असतं. पण जक्कय आडवा आला. लूकाच्या शुभवर्तमानातल्या १९व्या अध्यायातला हा मोठा जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा तो पश्चात्तापाचं भाषण करत नाही, सरळ हिशोब सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. यहुद्यांच्या नियमशास्त्राप्रमाणे, आपण होऊन कबूल केलं तर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढं पुरे होतं. चौपट भरपाई मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर. म्हणजे या गृहस्थाने स्वतःला मेंढरं चोरणाऱ्याचा दंड लावून घेतला.

माझ्याकडून काय गेलं होतं? तिचं नाव, भर बैठकीत, सात जणांसमोर. ते फोनवर कसं परत करणार? म्हणून सोमवारी त्या सातही जणांना मेल केला, ती चूक कोणी पकडली आणि कशी, हे लिहून. पाठवायचं बटण दाबायला वीस मिनिटं लागली. साहेबांचं उत्तर आलं: "नोंद घेतली." बाकी कोणी काही बोललं नाही. एकाने जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं असावं, किंवा तो माझ्या मनाचा खेळ असेल.

काही जण विचारतात, मग काय सगळं सोडून लोकांची सेवा करत सुटायचं? नाही बाबा. येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे वाटेत लुटलेल्या माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनातल्या परक्याची गोष्ट नीट वाचा. जखमी माणसाला त्याने उतारशाळेत नेलं, रात्रभर त्याची काळजी घेतली, सकाळी मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची साधारण दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असं सांगून तो आपल्या वाटेला लागला. त्याचं काम खोळंबलं, पण बुडालं नाही.

आणि सत्तर वेळा सात क्षमा करायचं येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला सांगितलं, त्याचं काय, असंही कोणी विचारतं. त्यावर मी सध्या फार बोलत नाही. क्षमा करायची की नाही हे त्या मुलीच्या हातात आहे, आणि तिला तो अध्याय ऐकवणारी मी शेवटची बाई असायला हवी.

आता ती आकडे मला एकटीला पाठवत नाही. मेलमध्ये सातही नावं असतात, तपासलं कोणी हे पहिल्याच ओळीत असतं, आणि सुरुवात असते, "नमस्कार मॅडम".