घड्याळाचे आकडे आणि फितीचे दोनशे मीटर

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. दिवसभर हातात व्हर्निअर नाहीतर मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायची साधनं, ज्यांना आम्ही गेज म्हणतो. ज्या गेजच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे ते बरोबर मोजतंय का हे तपासण्याची तारीख उलटलीये, त्यावर मोजलेला पार्ट आम्ही पुढे सोडत नाही. पण गेल्या ऑक्टोबरात मनगटावर जीपीएसचं घड्याळ बांधून मी गंगापूर धरणाच्या पाण्यावर पॅडलबोर्ड चालवायला लागले, आणि पहिले दोन महिने ते घड्याळ म्हणेल ते जसंच्या तसं खरं मानलं.

पॅडलबोर्ड म्हणजे उभं राहून एका लांब वल्ह्यानं चालवायची फळी. माझी साडेबारा फुटी, हवा भरायची आहे. सहाला पाण्यात, आठच्या आत बाहेर, कारण नऊनंतर वारा उठला की सराव होत नाही, नुसती झटापट होते. घड्याळात पॅडलबोर्डचा वेगळा मोड होता. तो लावला की अंतर, वेग, मिनिटाला किती स्ट्रोक, म्हणजे वल्ह्याचे फटके, आणि हृदयाचे ठोके, असं सगळं समोर यायचं. डिसेंबरपर्यंत माझा सरासरी वेग तासाला ५.२ वरून ६.१ किलोमीटरवर गेलेला दिसत होता. घरी येऊन मी तो आलेख सगळ्यांना दाखवायचे.

आम्हाला पॅडलबोर्ड शिकवणाऱ्या सरांनी तो एकदा नीट पाहिला. ते मूळचे रोइंगवाले, म्हणजे वल्ह्यांच्या होडीच्या शर्यतीतले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्स, म्हणजे एकट्यानं होडी वल्हवायची शर्यत, खेळला, त्याच्या शर्यतींचे टप्प्याटप्प्याचे वेळ त्यांना पाठ आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही आज तीनदा पाण्यात पडलात, मग या आलेखात वेग एकदाही शून्यावर कसा नाही?"

ऑटो-पॉज चालू होता. वेग ठरावीक आकड्याखाली गेला की घड्याळ आपोआप थांबतं. धावणाऱ्याला सिग्नलपाशी ते सोयीचं असतं. पाण्यावर मात्र मी पडले, बोर्डवर चढले, धाप टाकत गुडघ्यांवर बसले, तो सगळा वेळ गाळला जात होता आणि सरासरी फुगत होती. ऑटो-पॉज बंद केल्यावर माझा खरा वेग ५.४ निघाला. दोन महिन्यांची प्रगती एका सेटिंगमध्ये होती. मला खूप वाईट वाटलं. पण मग वाटलं, आता हे काम मला येतं. गेजवर शंका आली तर काय करायचं, ते मी रोज करते.

पहिली चाचणी साधीच होती. रेकॉर्डिंग चालू करून घड्याळ काठावरच्या दगडावर अर्धा तास ठेवलं. घड्याळ जागचं हललं नाही, तरी अंतर दीडशे मीटरच्या पुढे गेलं होतं. उपग्रहांवरून काढलेली जागा दर क्षणी थोडी इकडेतिकडे सरकते आणि ते सरकणं अंतरात जमा होत जातं. गाडीच्या वेगाला त्यानं काही बिघडत नाही, पण आपण तासाला सहा किलोमीटरनं चाललोय, तिथे क्षणाक्षणाचा वेग म्हणजे निव्वळ थरथर असते. त्यात घड्याळ मनगटावर, आणि मनगट प्रत्येक स्ट्रोकला पुढेमागे. म्हणून नोंद दर सेकंदाला करायला लावली, क्षणाचा वेग पडद्यावरून काढून टाकला आणि घड्याळ हातातून सोडवून बोर्डच्या पुढच्या दोरीला बांधलं. त्याचा आणखी एक फायदा झाला. मनगट वळवून आकडा बघताना दर वेळी स्ट्रोक तुटायचा आणि तोलही जायचा, ते थांबलं.

आता ठोके. मनगटाचं घड्याळ हिरव्या उजेडानं कातडीखालचं रक्त किती कमीजास्त होतंय ते पाहतं आणि त्यावरून ठोके काढतं. वल्हं घट्ट धरलेलं, मनगट वाकतंय, पाणी शिरतंय, त्यात नाशिकचा डिसेंबर, म्हणजे गारठ्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या. जिवाच्या आकांतानं वल्हं मारत होते तेव्हा ते ९८ दाखवायचं. छातीचा पट्टा घेतला. तो हृदयाचे विजेचे संकेत टिपतो, त्यामुळे ओला असला तर उलट जास्त चांगला चालतो. फक्त पाण्यात पडलं की आकडा गायब होतो, कारण ब्लूटूथच्या लहरी पाण्यात लगेच विरतात. वर आलं की दोन-चार सेकंदांत तो परत येतो.

राहिलं अंतर. नाशिकमध्ये पुराचं पाणी किती आलं हे सांगायला आम्ही गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. मारुती जागचा हलत नाही म्हणून ते माप पिढ्यान्‌पिढ्या चालतं. मला धरणाच्या काठावर अशीच न हलणारी खूण हवी होती. जिथे काठ बराचसा सरळ आहे तिथे पन्नास मीटरची फीत चारदा टाकली आणि दोन्ही टोकांना लाल झेंडे रोवले. बोर्डचं नाक झेंड्याच्या रेषेत आलं की बटण दाबायचं. त्याच दोनशे मीटरला घड्याळानं पहिल्या तीन खेपांत २०८, १९६ आणि २०३ मीटर सांगितले. म्हणजे छोट्या अंतराला घड्याळ फक्त वेळेपुरतं आणि ठोक्यांपुरतं, अंतर फितीचंच.

स्ट्रोक मोजायला माझी बारा वर्षांची लेक काठावर बसली. "आई, तू एकशे चौदा मारलेस! मी दोनदा मोजलेत!" २ मिनिटं ६ सेकंद, ११४ स्ट्रोक. म्हणजे एका स्ट्रोकला जेमतेम पावणेदोन मीटर. माझ्या सगळ्या सरावात उपयोगी पडला तो हाच आकडा, आणि तो कुठल्याच पडद्यावर नव्हता. स्पीडकोच नावाचं रोइंगवाल्यांचं यंत्र आहे. पॅडलबोर्डसाठी त्याचं वेगळं मॉडेल निघतं आणि ते दर स्ट्रोकचं अंतर थेट दाखवतं. ते घेण्याची माझी ऐपत नव्हती. पण भागाकार करायला यंत्र कशाला लागतंय!

आकडा पाहून सरांनी माझा स्ट्रोक पाहिला. पातं पूर्ण बुडायच्या आधीच मी ओढत होते आणि पावलांच्या खूप मागेपर्यंत ओढत नेत होते. पाय ओलांडले की पातं पाणी मागे ढकलत नाही, वर उचलतं. बोर्डची शेपटी दबते आणि वेग मरतो. मग ठरवलं, हात पुढे लांब टाकायचा, पातं दांड्याला जोडतं तिथपर्यंत बुडवायचं, मगच ओढायचं आणि पावलांपाशी बाहेर काढायचं. दर रविवारी सहा खेपा, तीन वाऱ्याच्या बाजूनं आणि तीन समोरून. वेगांची नुसती सरासरी काढायची नाही, हे मी कटाक्षानं पाळलं. जाताना ७ आणि येताना ५ असेल तर सरासरी ६ येत नाही, ५.८३ येते, कारण कमी वेगात आपण जास्त वेळ घालवतो. म्हणून सगळ्या खेपांचा वेळ मिळवायचा आणि एकूण अंतराला त्यानं भागायचं.

जानेवारीत सगळं बिघडलं. स्ट्रोक शंभरावर आले, पण वेळ २ मिनिटं १५ सेकंद. सर म्हणाले, "चालू द्या, शरीर नवं शिकतंय." फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी लेकीनं काठावरून दोन्ही हात वर केले. ८६ स्ट्रोक, १ मिनिट ५७ सेकंद. एका स्ट्रोकला २.३३ मीटर. पट्ट्यावर सरासरी ठोके १४६, जे आधी त्याच अंतराला १५८ असायचे. कमी स्ट्रोक, कमी धाप आणि जास्त वेग, तिन्ही एकाच कागदावर. तो कागद मी जपून ठेवलाय. पाण्याच्या थेंबांनी त्यावरची शाई फुटली आहे, पण आकडे वाचता येतात.

परवा नकाशावर ऑक्टोबरचा पहिला सराव उघडून बघितला आणि त्यावर आजचा ठेवला. ऑक्टोबरची निळी रेघ जिथून जाते तिथे आता तडे गेलेली माती आहे आणि तिच्यावर शेळ्या चरतात. पाणी उतरत गेलं तसा काठ सरकत गेला आणि माझे झेंडे कोरड्यावर राहिले. काल संध्याकाळी मी आणि लेक फीत घेऊन गेलो, नव्या काठानं चारदा टाकली आणि झेंडे पुन्हा रोवले. आज सकाळी पहिली खेप ८८, दुसरी ८५.