फोन मागितला तर आधी कागद बघा

सोलापुरात चार हुतात्मा पुतळ्यापाशी मोबाईलवर बातमी करणारे रोज दिसतात. त्यातल्या कुर्बान हुसेन यांचं स्वतःचं वृत्तपत्र होतं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

अशा बातमीवरून पोलीस ठाण्यातून नोटीस आली की पहिल्यांदा कलम वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (पोलीस तपास आणि अटकेचा कायदा) १७९ म्हणजे तुम्ही साक्षीदार, ३५(३) म्हणजे संशयित. ३५(३) असेल तर तारीख चुकवू नका. हजर राहिलात तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. तारीख चुकली की तेच अटकेचं निमित्त होतं.

खरी गडबड फोन जप्तीत होते. पंचनाम्यात नुसतं ‘एक काळा मोबाईल’ लिहितात. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), सिम, मेमरी कार्ड, फोन चालू की बंद, सगळं लिहायला लावा. याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, ते मागा. हॅश व्हॅल्यूही (आतल्या डेटावरून निघणारा, डेटा बदलला की बदलणारा आकडा) तिथंच नोंदवून घ्या, कारण नंतर कुणी फोन नुसता चालू केला तरी आतला डेटा बदलतो. मग मूळ काय होतं ते सिद्ध कसं करणार? पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

मारहाण झाली तर फिर्यादीत २०१७ चा राज्याचा पत्रकार संरक्षण कायदा नावानिशी लिहा. त्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही.