समोरचा ऐकतो का?

"गेम अजून पूर्ण झालेला नसताना तुम्ही त्याच्यावर मत कसं देता? आणि असा गेम घ्यावा की थांबावं?" हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. गोव्यात फर्मागुडीला इंजिनीअरिंग शिकणारा माझा भाचा तर थेट कोकणीत मुद्द्यावर येतो: "मामा, घेवूं काय रावूं?" घेऊ की थांबू. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. बोलतोय ते फक्त कॉम्प्युटरवरच्या डावपेचांच्या गेम्सबद्दल, जिथे राज्य, शहर, व्यापार, सैन्य सांभाळायचं असतं आणि एकेक डाव आठवडाभर चालतो.

गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने मार्च 2013 मध्ये अर्ली अ‍ॅक्सेस सुरू केलं तेव्हापासून हा प्रश्न वाढला. गेम तयार व्हायच्या आधीच विकायला ठेवायचा, घेणाऱ्यांनी खेळून कुठे अडतं ते कळवायचं, बनवणाऱ्यांनी त्यावर पुढचं काम करायचं. डावपेचांच्या गेमला ही पद्धत मानवते. त्यात शेकडो आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. धान्याचं उत्पन्न थोडं वाढवलं की शहरं फुगतात, शहरं फुगली की सैन्य स्वस्त होतं, आणि सैन्य स्वस्त झालं की व्यापाराकडे कोणी बघत नाही. दहा जणांची टीम या सगळ्या वाटा चालून बघू शकत नाही. हजारो खेळणारे महिन्याभरात त्या तुडवून काढतात.

अर्धवट गोष्ट कशी बघायची हे मात्र मी कॉम्प्युटरवर शिकलो नाही, देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत शिकलो. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक असायचंच. दिवाळी सरली की रात्री अग्रशाळेत तालमी सुरू. बाबा प्रॉम्प्टर. मी सात-आठ वर्षांचा, त्यांच्या मांडीला टेकून बसलेला. तालमीत पडदा नसतो, पेटीवाला आला तर तबलजी आलेला नसतो, राजा शर्ट-लुंगीत आणि त्याच्या हातात तलवारीच्या जागी छत्री. गावातलं कोणीतरी दारात उभं राहून विचारायचं, "कसं बसतंय नाटक?" अमका अडखळतो, तमका वाक्यं गाळतो, असं बाबांनी कधी सांगितलं नाही. ते एकच बघायचे: समोरचा बोलत असताना हा ऐकतो का. पाठांतर पंधरा दिवसांत होतं, म्हणायचे. जो ऐकत नाही तो जत्रेच्या रात्रीही आपलं वाक्य कधी येतं याची वाट बघत उभा राहतो.

अर्धवट गेम मी तसाच बघतो.

गेम मध्येच बंद पडतो, घोड्याचं चित्र अजून काढलेलं नाही, एका बटणावर भलताच मजकूर आहे, तिरंदाज फार जबरदस्त झालेत: हे सगळं पाठांतर. ते होतं. त्यावरून गेमला नापास करणं मला अन्यायाचं वाटतं, आणि अर्ली अ‍ॅक्सेसमधली निम्मी रागावलेली मतं याच गोष्टींवर असतात. मी बघतो ते पटावर माझ्यासमोर बसलेल्याकडे, म्हणजे कॉम्प्युटर खेळवतो त्या राजाकडे. मी केलेलं त्याला दिसतं का? दिसलं तर तो त्याचा विचार बदलतो का?

याचं एक उदाहरण जवळून दाखवतो. गेल्या पावसाळ्यात मी मीठ आणि मिरीच्या व्यापारावर बेतलेला एक नवा गेम खेळत होतो. नाव सांगत नाही, कारण काम अजून चालू आहे. जुलैतली रात्र, लाइट गेलेली, यूपीएस केकाटत होता आणि सेव्ह करायला जेमतेम चार मिनिटं. टर्न 140, म्हणजे माझी एकशेचाळिसावी पाळी. नदीच्या उतारावर, म्हणजे पायी ओलांडता येते तिथे, माझे दोन भालाईत. पलीकडे शत्रूच्या अकरा तुकड्या, गेल्या तेवीस टर्न जागच्या जागी. त्याच्या राजधानीत धान्य संपलेलं, माझी कोठारं भरलेली, आणि आमच्या मध्ये गुडघाभर पाणी. मी मुद्दाम भालाईत मागे घेतले. उतार मोकळा. पुढची टर्न, त्याच्या पुढची टर्न, अकराच्या अकरा तिथेच. माझ्या वहीत त्या रात्रीची नोंद आहे: "140. उतार मोकळा सोडला. आला नाही. शहर उपाशी, तरी नाही." लाइट आल्यावर सेव्ह फाइल जोडून बनवणाऱ्यांना सगळं लिहून पाठवलं.

हे दोन कारणांनी होऊ शकतं आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक, नदी ओलांडायची की नाही हे ठरवणारा हिशेब कुठेतरी चुकलाय. तो दुरुस्त होतो. दुसरं, गेमची मांडणीच अशी आहे की कॉम्प्युटरला ती झेपत नाही. ते दुरुस्त होत नाही, फार तर झाकता येतं. सिव्हिलायझेशन या गेम-मालिकेच्या पाचव्या भागाचं उदाहरण घ्या. तो 2010 मध्ये आला तेव्हा एका चौकटीत एकच लढाऊ तुकडी राहील असा नियम आला. माणसाला त्यात खरी मजा, रचना करता येते, खिंड अडवता येते. कॉम्प्युटरच्या तुकड्या मात्र एकमेकींच्या वाटेत येऊन अडकायच्या. 2012 आणि 2013 मध्ये त्याला दोन मोठ्या पुरवण्या आल्या, गेम कितीतरी भरीव झाला, पण सैन्य हलवताना कॉम्प्युटरची होणारी ओढाताण माझ्या मते शेवटपर्यंत गेली नाही. नियम हाडात होता.

हाड चांगलं असलं की तेही लवकर कळतं. ओल्ड वर्ल्ड हा गेम मे 2020 मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला. बनवणारा सोरेन जॉन्सन, 2005 च्या सिव्हिलायझेशनच्या चौथ्या भागाचा मुख्य डिझायनर. त्यात प्रत्येक टर्नला तुमच्याकडे ठरावीक आज्ञा असतात. सैन्य हलवायचं, कामगाराला कामाला लावायचं, सगळं त्याच थैलीतून. एकाच तुकडीला चार वेळा पळवलंत तर दुसऱ्या तीन जागच्या हलणार नाहीत. पहिल्याच टर्नपासून काहीतरी सोडावं लागतं. पूर्ण आवृत्ती जुलै 2021 मध्ये आली. मधल्या वर्षभरात पुष्कळ काही बदललं असेल, पण आज्ञांची ती थैली पहिल्या दिवसापासून होती, आणि मत द्यायला ती पुरेशी होती.

आता वेळेचं बोलतो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. स्टीमवर घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. सोय चांगली आहे, पण डावपेचांच्या गेममध्ये दोन तासांत काय होतं? पहिलं शहर वसतं, नकाशावरचा अंधार हटतो, पहिला शेजारी भेटतो. हा भाग जवळजवळ प्रत्येक गेममध्ये गोड लागतो. खरी परीक्षा मधल्या भागात, राज्य मोठं झाल्यावर. तिथे दर टर्नला माझा हात थांबतो का, की नुसतं "नेक्स्ट टर्न" दाबत बसतो? वहीत मी तेच टिपतो. टर्नचा आकडा आणि समोर एक रेघ, जिथे मी खरोखर विचारात पडलो. टर्न 80 नंतर रेघा विरळ झाल्या की मला काळजी वाटायला लागते. बनवणारेही सुरुवातीचा भाग सगळ्यात जास्त घासतात, कारण प्रत्येक खेळणारा तिथून जातो. शेवटापर्यंत थोडेच पोचतात, म्हणून शेवट सगळ्यात कच्चा राहतो.

हे मला आधी कळायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी एक गेम तीन तास खेळून मी भाच्याला आणि त्याच्या चार मित्रांना "घ्या" म्हणालो. पोरांनी खर्चाच्या पैशांतून घेतला. टर्न 90 नंतर त्यात ठरवण्यासारखं काही उरतच नव्हतं. काही महिने बनवणाऱ्यांकडून "लवकरच" असं येत राहिलं, मग तेही थांबलं. पोरं मला एका शब्दाने बोलली नाहीत. चवथीला घरी आलेला असताना भाच्याने एवढंच विचारलं, "मामा, तो गेम तू परत उघडलास?" मी उघडला नव्हता. त्यानंतर नेम केला: एक डाव शेवटापर्यंत जिंकून आणि एक शेवटापर्यंत हरून झाल्याशिवाय मत द्यायचं नाही. हरणं जास्त महत्त्वाचं. समोरच्याने मला कशाने हरवलं हे सांगता आलं तर तो ऐकत होता. नुसता ढिगाने सैन्य आणून पडला असेल तर नाही.

पुढे काय येणार त्याच्या यादीला, ज्याला रोडमॅप म्हणतात, मी मतात धरत नाही. स्टीमच्या अर्ली अ‍ॅक्सेसच्या पानावरच लिहिलेलं असतं की आज आहे त्या अवस्थेत हा गेम खेळावासा वाटत नसेल तर थांबा. ते वाक्य मी शब्दशः मानतो. त्याच पानावर बनवणाऱ्यांना सांगावं लागतं की काम साधारण किती चालेल आणि पूर्ण आवृत्ती आतापेक्षा कशी वेगळी असेल. ते वाचतो, मग मागच्या सहा महिन्यांचे अपडेट वाचतो आणि दोन्ही शेजारी ठेवून बघतो. फॅक्टोरिओ हा गेम स्टीमवर फेब्रुवारी 2016 मध्ये आला आणि ऑगस्ट 2020 मध्ये पूर्ण झाला. साडेचार वर्षं. बनवणारे दर शुक्रवारी काय केलं, काय फसलं हे लिहीत होते. दुसऱ्या बाजूला स्पेसबेस डीएफ-9: ऑक्टोबर 2013 मध्ये विक्रीला आला, बेत मोठे होते, आणि वर्षभरात त्यातलं बरंच काही न होताच पूर्ण म्हणून जाहीर झाला. यादीवर ज्यांनी पैसे लावले होते ते दुखावले. समोर होतं तेवढ्यावर ज्यांनी घेतला त्यांना निदान घेतलं ते मिळालं.

माझ्या मताला मी तारीख आणि आवृत्तीचा आकडाही लावतो. मार्चमध्ये लिहिलेलं नोव्हेंबरमध्ये खरं असेलच असं नाही, आणि ज्यांनी मधल्या काळात मान मोडून काम केलं त्यांच्या गळ्यात जुना दोष बांधून ठेवणं बरं नव्हे.

मिठाच्या त्या गेमचं सांगायचं राहिलं. ऑक्टोबरमध्ये अपडेट आला. भल्यामोठ्या यादीत एक ओळ होती, नदी ओलांडण्याच्या निर्णयाबद्दल. जुनी सेव्ह फाइल नव्या आवृत्तीत उघडली नाही, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये हे चालायचंच, म्हणून नवा डाव मांडला. चार रात्रींनी पुन्हा तशीच नदी, तसाच उतार, पलीकडे नऊ तुकड्या. मी भालाईत मागे घेतले आणि उतार मोकळा सोडला. तो उतारावर आला नाही. दोन टर्न थांबला. मग पाच तुकड्या तिथेच ठेवून उरलेल्या चार वरच्या अंगाने डोंगरातून फिरवल्या, जिथे माझं एक टेहळणीचं ठाणंसुद्धा नव्हतं, आणि माझं मिठागराचं गाव घेतलं. मीठ गेलं तसा व्यापार गेला, आणि टर्न 171 ला मी डाव हरलो.

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. वहीत नोंद केली आणि भाच्याला फोन लावला. जिंकलेला डाव एक आधीच होता, हरलेला आता झाला.

"घे," म्हटलं.