शंकेला वार ठरवून द्या

एखादी गोष्ट मनावर घेतली की पहिले काही दिवस शंका फारशी फिरकत नाही. नव्याची नवलाई ओसरते, हाती दाखवण्यासारखं काही नसतं, तेव्हा ती येते. "आपल्याच्यानं होणार का हे?" हा प्रश्न बहुधा रात्री, अंग दमलेलं असताना पडतो. प्रश्न रास्त असतो, वेळ चुकीची असते. त्या वेळचं उत्तर थकव्याचं असतं.

म्हणून शंकेला एक वार ठरवून द्या. मधल्या दिवसांत ती आली की वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत लिहायची आणि त्या दिवसाचं काम उरकायचं. रविवारी सकाळी अर्धा तास त्या ओळी आणि पुढच्या पानांवरच्या रोजच्या कामाच्या नोंदी शेजारी ठेवून वाचायच्या.

नोंद मात्र मोजता येईल अशी हवी. समजा, सलग ५ किलोमीटर धावायचंय. "आज बरं झालं" याचा रविवारी काही उपयोग नाही. "मंगळवार. २२ मिनिटं. शेवटची ४ चालत. पोटरी जड" याचा आहे. तीन आठवड्यांत ती ४ मिनिटं १ वर आली असतील, तर "काहीच प्रगती नाही" ही ओळ खोडून टाका. ती हललीच नसतील, तर शंकेत तथ्य आहे. तेव्हा वेग कमी करा, विश्रांतीचा एक दिवस वाढवा. आधी पद्धत बदलायची, ध्येय नंतर. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास सर्वांत जास्त स्वतः पार पाडलेल्या कामातून येतो. लोकांनी दिलेला धीर त्यापुढे कमीच पडतो.

२१ दिवसांत सवय लागते, या समजुतीनं फार नुकसान केलंय. बाविसाव्या दिवशीही जड जातं, आणि माणूस स्वतःलाच दोष देतो. संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक नवी सवय लावून पाहिली. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला, पण माणसागणिक तो १८ ते २५४ असा पसरलेला होता (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे नोंदींवरून काढलेला अंदाज). एखाद्या खाड्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं.

बिघडतं ते खाड्यानंतर. "आता गेलंच सगळं" म्हणून आठवडा वाया जातो, नाहीतर भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट धावलं जातं आणि तिसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. खाडा भरून काढू नका. नेहमीइतकंच करा.

वाईट दिवसाचं किमान मापही आधीच ठरलेलं हवं, आणि तेही 'जर-तर'च्या वाक्यात, मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या अभ्यासातली ही रीत: "घरी पोचल्यावर दमल्यासारखं वाटलं, तर बूट न काढता १० मिनिटं चालून येईन." बूट न काढता, हे नेमकेपणच कामी येतं. एकदा बूट निघाले की पुन्हा घालायचा निर्णय नव्यानं घ्यावा लागतो.

सोडायची अटसुद्धा पहिल्याच पानावर लिहा: "१२ आठवडे, आठवड्याला ३ दिवस धावूनही सलग २० मिनिटं जमली नाहीत, तर फेरविचार." अट लिहिलेली असली की रोज रात्री तोच खटला चालवावा लागत नाही. दुखणं मात्र वेगळं. पाऊल टाकताना कळ वाढत असेल तर रविवारची वाट पाहू नका. थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.